मासा मेला नाही, अभिनंदन!

रा. रा. प्लेटिंगशेठ यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपलं अभिनंदन करायचं राहून गेलं होतं. तांब्याचं, जस्ताचं, निकलचं, क्रोमचं आणि ऑर्डर तशी असेल तर कॅडमियमचं धुवण आपण वर्षानुवर्षं नाल्यात सोडता. नाला ओढ्याला मिळतो, ओढा नदीला. आणि तरी नदीवर मेलेला मासा तरंगत नाही. हे कोणालाही जमणारं काम नव्हे.

पाकिटावर आपलं नाव घातलेलं नाही. आपल्या अब्रूची काळजी म्हणून नव्हे, आपण एकटे नाही म्हणून. आपण भोसरीत असाल, सातपूरला असाल, वाळूजला किंवा शिरोलीला असाल. दोन गाळ्यांचं शेड, सहा-आठ टाक्या, एक रेक्टिफायर आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडणारा एक पाइप. त्या पाइपाचं तोंड कुठे उघडतं हे रात्रपाळीच्या पोराला ठाऊक असतं, आणि त्याला पगार गप्प बसण्याचाही मिळतो. प्लेटिंगवाले, म्हणजे धातूवर मुलामा चढवणारे, सगळेच असे नसतात. जे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, खरोखर चालवतात, तिथला गाळ म्हणजे स्लज मोजून तळोजाच्या नाहीतर रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवतात, त्यांनी हे पत्र इथेच मिटलं तरी चालेल. ज्यांचा ईटीपी ‘साहेब निघालेत’ असा फोन आल्यावर सुरू होतो, त्यांनी मात्र चहा मागवून सावकाश वाचावं.

आपल्या आधीच्या पिढीला ही कला साधली नव्हती. ती मंडळी एका रात्रीत ॲसिडची टाकी रिकामी करायची आणि सकाळी नदीभर पांढरी पोटं वर. मग गाव जमायचं, वार्ताहर फोटो काढायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस बाटलीत पाणी भरायचा, पंचनामा व्हायचा. मेलेला मासा फार वाईट साक्षीदार. तो फोटोत येतो, वास मारतो आणि उलटतपासणीत फुटत नाही. आपण हे वेळीच ओळखलंत. माशाला मारायचंच नाही, फक्त त्याचं नाक काढून घ्यायचं. खवले शाबूत, कल्ले हलताहेत, शेपूट चालू आहे. आता करा म्हणावं पंचनामा!

माशाला नाक असतं यावर विश्वास बसत नसेल तर बाजारातून आणलेल्या रोहूकडे एकदा नीट पाहा. डोळ्यांच्या पुढे, तोंडाच्या वर, दोन्ही बाजूंना बारीक भोकं दिसतील. पुढच्या भोकातून पाणी आत जातं, मागच्यातून बाहेर पडतं. श्वासाचा इथे काही संबंध नाही, ते खातं कल्ल्यांकडे. हे नाक फक्त वासासाठी आहे. आत पाकळ्यांची एक घडी असते आणि त्या पाकळ्यांवर वास ओळखणाऱ्या चेतापेशी. पेशीचं एक टोक पाण्यात, दुसरं थेट मेंदूत. मध्ये बुळबुळीत पातळ थर सोडला तर ना कातडी, ना हाड. आपल्या नद्या पावसाळ्यात चहासारख्या होतात, तेव्हा डोळे काय कामाचे? कुठे खाणं आहे, कुठे आपलं कूळ आहे, कुठे जोडीदार आहे, कुठे दबा धरून मरळ बसली आहे, हे सगळं माशाला या उघड्या दारातून कळतं. आपलं तांबंही याच दारातून आत जातं. बेल वाजवायची गरज पडत नाही.

या नाकाचं सर्वांत मोलाचं काम १९३८ साली कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने जगापुढे मांडलं. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे तेच हे गृहस्थ, पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मिनो नावाच्या चिमुकल्या माशांवर ते काम करत होते. जखम झालेला एक मिनो त्यांनी पुन्हा कळपात सोडला आणि अख्खा कळप दाणादाण उडून दडून बसला. जखमी माशाने काही केलं नव्हतं. त्याच्या फाटलेल्या कातडीतून एक द्रव्य पाण्यात उतरलं होतं आणि बाकीच्यांना त्याचा वास आला होता. हे द्रव्य कातडीतल्या खास पेशींत बंद असतं, कातडी फाटली तरच बाहेर पडतं. त्यामुळे त्याचा अर्थ एकच निघतो: इथे कुणाचा तरी घास झालाय, पळा! मिनो ज्या मोठ्या गोतावळ्यातला आहे त्यातच आपले रोहू, कटला, मृगळ आणि शिंगटे येतात. सॅमन-ट्राउटच्या घराण्यातही भाऊबंदांच्या कातडीचा वास आला की अंग चोरायची रीत आहे.

आता आपल्या कर्तबगारीचे दाखले.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोहो सॅमनची पिल्लं त्यांनी तांबं मिसळलेल्या पाण्यात तीन तास ठेवली. तीनच तास, आपली तर एक पाळी आठ तासांची. तांब्याची मात्रा लिटरमागे वीस मायक्रोग्रॅमच्या वर नेलीच नाही. मग टाकीत कोहोच्याच कातडीचा थोडा अर्क सोडला. स्वच्छ पाण्यातली पिल्लं जागच्या जागी थिजली, कारण जो हलतो तो शिकाऱ्याला आधी दिसतो. तांब्याच्या पाण्यातली पिल्लं हिंडत राहिली. लिटरमागे दोन मायक्रोग्रॅमलाच फरक दिसला, आणि तांबं वाढलं तसा तो वाढत गेला. नाकातल्या पेशींचे विद्युत संदेश मोजले, तर तेही मंदावलेले. म्हणजे मासा शूर झाला नव्हता. त्याच्यापर्यंत खबरच पोचली नव्हती.

पुढे २०१२ मध्ये याच कामात खराखुरा शिकारी आणला गेला. कटथ्रोट ट्राउट हा कोहोची पिल्लं खाणारा मासा. पाच ते वीस मायक्रोग्रॅमच्या पाण्यात तीन तास काढलेली पिल्लं पाण्यात कातडीचा वास असूनही थांबली नाहीत, म्हणून त्याच्या नजरेत भरली आणि स्वच्छ पाण्यातल्या भावंडांपेक्षा लवकर त्याच्या तोंडी गेली. आता हा खून कुणाच्या नावावर मांडायचा? ट्राउटच्या. तांबं तिथे नव्हतंच असं म्हणायला आपण मोकळे.

दोन मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे हिशेबाच्या भाषेत सांगतो. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या आणि त्यात तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाइतकं तांबं विरघळवा. बस्स, एवढंच. नुसत्या डोळ्यांना ते पाणी देवाच्या अभिषेकाला चालण्यासारखं दिसेल.

कॅडमियमचा दाखला याहून सरस आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटची पिल्लं सात दिवस अशा पाण्यात ठेवली, ज्यात कॅडमियम लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम होतं. कातडीच्या वासाला ती घाबरेनाशी झाली. धोका कळला की अंगात चढणारं कॉर्टिसॉलही नीट चढेना. गंमत अशी की, कॅडमियम खाण्यातून दिलं तेव्हा असं झालं नाही, पाण्यातून दिलं तेव्हाच झालं. ते नाकाच्या पाकळ्यांमध्ये आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूमध्ये साचत होतं. दुसऱ्या प्रयोगांत कॅडमियमच्या पाण्यातले ट्राउट एकमेकांशी भांडायचेही कमी झाले. शांततेच्या पुरस्कारासाठी आपली शिफारस करायला हरकत नाही.

स्वयंपाकघरातल्या गॅसला मुळात वास नसतो. तो मुद्दाम घालतात, गळती कळावी म्हणून. समजा, रात्री कुणी येऊन आपल्या सिलिंडरमधला तेवढा वास काढून नेला आणि वर म्हणाला, ‘शेठ, मी आग लावली नाही, काडीपेटीला हातही लावला नाही.’ आपण त्याला काय म्हणाल? जे म्हणाल ते इथे छापता येणार नाही, पण नदीतल्या माशाचंही आपल्याविषयी तेच मत असणार.

एवढ्यावर आपण गप्प बसणार नाही, हे मी जाणून आहे. आपली उत्तरं मला पाठ आहेत, तेव्हा ती एकेक घेऊ.

‘आम्ही नियमात आहोत.’ शंभर टक्के मान्य, निदान कागदावर. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्याला तांब्याची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम. मघाच्या टँकरचा हिशेब लावला तर कोहोला एक दाणा पुरला होता आणि आपल्याला तीस ग्रॅमची मुभा आहे. कॅडमियमची मर्यादा तर आखीवरेखीव आहे: २ मिलिग्रॅम. ट्राउटची भीती गेली ती २ मायक्रोग्रॅमला. आकडा तोच, फक्त हजारपट. नदीत गेल्यावर पाणी पातळ होतं, हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यांत शहराखालच्या नदीत वरून येणारं पाणी असतं तरी किती? आणि धातू काही कुजून नाहीसा होत नाही. तो गाळात बसतो आणि पहिल्या पुराला पुन्हा उठतो.

‘आमच्या पाण्यात मासे जगतात, रिपोर्ट आहे.’ हे आपलं हुकमी पान. त्याच अनुसूचीत एक जैवचाचणी आहे. निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत असले की पास. नियम लिहिणाऱ्याने चार दिवस माशाकडे पाहिलं, पण एकच प्रश्न विचारला: जिवंत आहे का? खातोय का, पळतोय का, कळपात राहतोय का, भाऊबंदाचा वास ओळखतोय का, हे विचारायचं राहून गेलं. त्या टाकीत शिकारी नसतो, प्रवाह नसतो, अंडी घालायची जागा नसते. अशा टाकीत नाक नसलेला मासासुद्धा पहिल्या वर्गात पास होतो. तेव्हा आपलं प्रमाणपत्र खरं आहे, शेठ. पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न नदीने विचारलेला नाही.

‘तांबं तर चांगलं! आमची आजी रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायची.’ आजींना माझाही नमस्कार. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, दुसरी सोय नसेल तर, तांबं लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं, कारण आपल्या पोटाला नि यकृताला ते निस्तरता येतं. आजी पाणी प्यायच्या, पाण्यात राहत नव्हत्या. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, तो पाण्यात श्वास घेतो. त्याच्या रक्तात मीठ पाण्यापेक्षा जास्त असतं, ते अंगातून सतत झिरपून जातं आणि कल्ले पाण्यातून सोडियम ओढून ती तूट भरत राहतात. तांबं नेमका तो रस्ता अडवतं. एक हप्ता नाकाचा, दुसरा कल्ल्यांचा. आणि पाहण्याची, ऐकण्याची सोय गेली तर अंगाने पाण्याचा हेलकावा ओळखता यावा म्हणून माशाच्या कुशीवर संवेदनांची एक रेघ असते. तांबं तिच्यातल्या केसासारख्या पेशीही मारतं. हे ज्या माशावर पुन्हा पुन्हा तपासलं गेलं तो झेब्राफिश. जगभरच्या प्रयोगशाळांतला हा लाडका मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा.

‘आमचं पाणी क्षाराचं, त्यात तांब्याचा जोर चालत नाही.’ अभ्यास दिसतोय! क्षाराच्या पाण्यात कल्ल्यांना थोडं अभय मिळतं, हे खरं. पण कोहोच्या नाकावर २००८ मध्ये झालेल्या कामात पाण्याच्या क्षाराने फारसा बचाव झाला नाही. बचाव केला तो पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याने, कारण ते तांब्याला धरून ठेवतं. तेव्हा आभार मानायचे तर शहरांच्या महापालिकांचे माना. न गाळता सोडलेलं त्यांचं मैलापाणी आपलं तांबं काही अंशी अडवून धरतं आणि त्याच वेळी माशाचा प्राणवायू संपवतं. एकाने नाक घ्यावं, दुसऱ्याने श्वास. अळीमिळी गुपचिळी!

‘स्वच्छ पाणी मिळालं की नाक पुन्हा येतं.’ येतं, अगदी बरोबर. मात्रा थोडी असेल तर काही तासांत किंवा दिवसांत, पेशी मेल्या असतील तर नव्या उगवायला आठवडे लागतात. अट एकच, मध्यंतरी पाणी स्वच्छ असायला हवं. आपण मात्र रात्रीची वेळ कधी चुकवत नाही.

‘आमच्या एकट्यावरच का? गाड्यांच्या ब्रेकमधूनही तांबं झडतं.’ हा मुद्दा आपण विनोदाने काढलात, पण तो पक्का आहे. ब्रेक पॅड झिजले की त्यांतलं तांबं रस्त्यावर पडतं, पावसाने धुऊन ओढ्यात जातं आणि तिथे सॅमनची पिल्लं असतात. म्हणूनच वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले: ब्रेक पॅडमधलं तांबं वजनाच्या पाच टक्क्यांखाली आणा, मग अर्ध्या टक्क्याखाली. माशाचं नाक बंद होतं म्हणून मोटारीचा ब्रेक बदला, असं या सरकारांनी कारखानदारांना सांगितलं आणि कारखानदारांनी तो बदलला. गाड्या अजूनही थांबतात. आपल्याकडे हे कुणी सुचवलं तर लोक त्याला वेड्यात काढतील, कारण आपल्याला मासा आठवतो तो रश्श्यात.

आपलं घराणं जुनं आहे, हेही सांगायला हवं. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मिरामिशी नावाची नदी आहे. सॅमन तिच्यातून वर चढून अंडी घालायला जातात. १९६० च्या सुमारास वरच्या अंगाला तांबं-जस्ताची खाण सुरू झाली आणि वर निघालेले सॅमन अर्ध्या वाटेवरून माघारी फिरू लागले. आधी शंभरात एक ते तीन मासे परतायचे, आता दहा ते बावीस परतू लागले. त्यांचं नाक शाबूत होतं, म्हणून त्यांना तांबं कळलं आणि त्यांनी रस्ता सोडला. म्हणजे मासा हुशार निघाला तर त्याला घर सोडावं लागतं आणि नाही निघाला तर तो कुणाचा तरी घास होतो. त्याच देशात सडबरी नावाचं निकल-तांब्याच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या धातू साचलेल्या तळ्यांतले पिवळे पर्च मासे तपासले, तर त्यांच्या नाकात चेतापेशी उलट जास्तच होत्या, पण वास नीट येत नव्हता. पिढ्यान्पिढ्या धातूच्या पाण्यात काढून माशांनी मोठं नाक उभं केलं, तरी त्याचा उपयोग होईना. आमच्याकडच्या बऱ्याच समित्यांचं असंच असतं.

पाऱ्याचं खातं आपल्याकडे नाही, तरी भाऊबंद म्हणून त्याचा उल्लेख करतो. फॅटहेड मिनो या माशांना खाण्यातून मिथिल पारा दिला, तेव्हा नरांचा प्रियाराधनातला रस कमी झाला आणि अंडी घालणाऱ्या जोड्या घटल्या. मासे मेले नाहीत. त्यांना फक्त संसार करावासा वाटेना.

आता नकाशा उघडा. पिंपरी-चिंचवडचे नाले पवना आणि इंद्रायणीत जातात. पवना मुळेत, मुळा मुठेला मिळून भीमेत, इंद्रायणीही भीमेत, आणि भीमा उजनीच्या जलाशयात. त्या पाण्यावर भोई समाजाची कित्येक घरं चालतात आणि भिगवणचा मासळी बाजार भरतो. तिथे जाळं हलकं लागलं तर माणूस कुणाला बोल लावणार? पाऊस कमी, धरणाचं पाणी उतरलं, चिलापी फार झाली, बारीक आसाची जाळी आली. यातलं प्रत्येक कारण खरं आहे, आणि हीच आपली सोय. जो मासा शिकाऱ्याने खाल्ला तो जाळ्यात येत नाही. ज्याने अंडी घातली नाहीत त्याची पिल्लं येत नाहीत. जे आलंच नाही त्याचं वजन कसं करायचं? ईटीपी बंद ठेवून वाचवलेले पैसे आपल्या वहीत दिसतात, भोयाचा तोटा कुणाच्याच वहीत चढत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आपण पाण्यात राहतच नाही, शेडमध्ये राहता, तेव्हा वैराचं भय नाही.

आणि हे सगळं टाळायला लागतं किती? आपल्याच शेडमध्ये उभं राहून पाहू. रॅकवर टांगलेले जॉब तांब्याच्या टाकीतून वर येतात. पोरगं घाईत असतं, कारण पैसे नगावर मिळतात. ठिबकणारा रॅक तसाच पलीकडच्या धुण्याच्या टाकीत जातो आणि जॉबला चिकटून आलेलं निळं पाणी तिथे उतरतं. तेच पुढे नाल्यात. रॅक टाकीवरच आणखी दहा-पंधरा सेकंद धरला तर ते निळं पाणी आपल्याच टाकीत परत पडतं. ते आपण पैसे मोजून आणलेलं मोरचूद आहे, शेठ! धुण्याच्या टाक्या एकीऐवजी तीन ठेवल्या, जॉब एका दिशेने आणि पाणी उलट दिशेने खेळवलं, तर पाणीही थोडं लागतं. उरलेल्या पाण्याला चुना घालून सामू चढवला की तांबं, जस्त, निकल गाळ होऊन तळाशी बसतात. क्रोमला आधी आम्लात मेटाबायसल्फाइट दाखवावं लागतं, मग चुना. यात चंद्रावर जाण्यासारखं काही नाही. आपल्या केमिस्टला हे सगळं येतं. त्याला फक्त साहेब यायच्या दिवशी ते करायची परवानगी असते.

शिक्षेचं म्हणाल, तर काळ आपल्या बाजूने आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नदी-नाल्यांत घातक पाणी सोडलं तर दीड ते सहा वर्षांची कैद होती. २०२४ च्या दुरुस्तीने, ती लागू असलेल्या राज्यांत, कैद गेली आणि दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. शेठ, आता धाडस दाखवायचीही गरज उरली नाही. खर्चाच्या रकान्यात एक ओळ वाढवली की झालं.

तरीही तीन मागण्या करतो. पहिली आपल्याकडे: ईटीपीचं दर महिन्याचं वीजबिल आणि स्लजची पावती कंपनीच्या फाटकावरच्या फळ्यावर लावा. ईटीपी चालतो का, हे सांगायला त्याहून चांगला साक्षीदार नाही. वीज जळलीच नसेल तर पाणी शुद्ध कसं झालं, हे शेंबडं पोरही विचारील. दुसरी मंडळाकडे: बाटली भरायची तर रात्री दोनला भरा, आणि फाटकापाशी नको, नाल्याच्या तोंडाशी भरा. तिसरी नियम लिहिणाऱ्यांकडे, आणि ती सर्वांत मोठी: कॅडमियम-तांब्याच्या मर्यादा माशाच्या नाकाशी ताडून पुन्हा ठरवा आणि ९६ तासांच्या चाचणीत आणखी एक परीक्षा घाला. वाचलेल्या माशांच्या टाकीत त्यांच्याच जातीच्या कातडीचा अर्क सोडायचा आणि ते थिजतात की हिंडत राहतात, हे पाहायचं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. एक कॅमेरा आणि पाहणारा माणूस पुरे.

वाचकांसाठी दोन शब्द. आपल्या गावाच्या वरच्या अंगाला कोणत्या कारखान्याला किती आणि कसलं पाणी सोडायची परवानगी आहे, हे सांगणारी संमतिपत्रं गुपित नाहीत. मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, तिथे सापडलं नाही तर माहिती अधिकारात मागा. आणि नदी पाहायला गेलात तर मेलेले मासे दिसले नाहीत म्हणून समाधान मानू नका. मासा जगला का, हे आजवर पुष्कळ विचारलं. आता तो घाबरतो का, हे विचारा. जो मासा घाबरत नाही, त्याची नदी आजारी आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
खालच्या अंगाला राहणारा एक नागरिक